क्लॉस्ट्रिडियम

क्लॉस्ट्रिडियम ही ग्रॅम-पॉझिटिव्ह (ग्रॅमच्या रंगचाचणीत जांभळ्या दिसणाऱ्या), काडीच्या आकाराच्या, ऑक्सिजनविना वाढणाऱ्या आणि बीजाणू, म्हणजे उष्णतेतही तगणारे सुप्त रूप, धरणाऱ्या जिवाणूंची प्रजाती आहे. हे नाव प्राझमोव्स्की यांनी १८८० साली दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चाती. आत बीजाणू धरला की पेशी चातीसारखी फुगते. धनुर्वाताच्या क्लॉ. टिटॅनीमध्ये मात्र गोल बीजाणू अगदी टोकाला बसतो आणि पेशी ढोलाच्या टिपरासारखी दिसते.

बीजाणू धरतो, ऑक्सिजन नको असतो आणि ऊर्जेसाठी सल्फेट वापरत नाही, एवढ्यावर एकेकाळी जिवाणू या प्रजातीत घातले जात. त्यामुळे एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या जातींची मोठी अडगळ झाली. १९९४ मध्ये रायबोसोमल आरएनएच्या तुलनेतून १९ गट पडले. क्लॉ. ब्युटिरिकम ही प्ररूप जाती, म्हणजे प्रजातीच्या नावाला आधार असलेली जाती, ज्यात येते तो पहिला गटच खरा क्लॉस्ट्रिडियम मानतात. जुलाबाचा आतड्याचा रोग करणारा क्लॉ. डिफिसिल २०१६ पासून क्लॉस्ट्रिडिऑइडिस या प्रजातीत गेला. बोट्युलिझम ही लकवा आणणारी विषबाधा करणाऱ्या जिवाणूंचे क्लॉ. बोट्युलिनम हे नाव मात्र केवळ विषावरून टिकले आहे. त्याखाली चार वेगळे गट नांदतात. वर्गीकरण म्हणून हे समाधानकारक नाही, पण नाव बदलून रोगाबाबत गोंधळ होण्यापेक्षा बरे.

प्रयोगशाळेत हे जिवाणू वाढवण्याचे जुने, खात्रीचे माध्यम म्हणजे शिजवलेल्या मांसाचे तुकडे आणि त्यांचा रस. कोल्हापुरात जत्रेला किंवा आखाडाला चुलीवर चढणारा मटणाचा हंडा हे त्याचेच मोठे रूप. उकळीने रसातला ऑक्सिजन निघून जातो, इतर जिवाणू मरतात, पण क्लॉ. परफ्रिंजेन्सचे बीजाणू तगतात. झाकलेला हंडा रात्रभर कोमट राहिला की ते रुजतात. ४३ ते ४५ अंश सेल्सियसला हा जिवाणू सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होतो. हाच वेग टिकला तर तीन तासांत एकाचे अडीच लाखांवर होतात. रश्शाला वास येत नाही, चव बिघडत नाही. दर ग्रॅमला दहा लाखांच्या आसपास जिवंत पेशी पोटात गेल्या की त्या आतड्यात बीजाणू धरतात आणि त्याच वेळी विष सोडतात. ६ ते २४ तासांत मुरडा येऊन जुलाब लागतात. उलटी आणि ताप सहसा नसतो.

उपाय निवण्याच्या वेगात आहे. रस्सा ६० अंशांवरून दोन तासांत २१ अंशांखाली आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांखाली यावा. त्यासाठी तो परातीत किंवा उथळ पातेल्यात दोन-तीन बोटेच खोल ओतावा आणि फोडी वेगळ्या काढाव्यात. गरम हंडा तसाच फ्रिजमध्ये ठेवला तर मध्यभाग कित्येक तास कोमटच राहतो. वाढण्यापूर्वी सगळा रस्सा खळखळून उकळावा. पांढऱ्या रश्शाची इथे अडचण होते: नारळाचे दूध फुटेल म्हणून तो नुसता कोमट केला जातो. म्हणून दुसऱ्या वेळेसाठी अळणी रस वेगळा ठेवावा, तो उकळून घ्यावा आणि दूध आयत्या वेळी घालावे.

गोठ्यात याच प्रजातीची ओळख फऱ्या रोगाने होते. क्लॉ. शोव्हियाय हे त्याचे कारण. सहा महिने ते दोन वर्षांची, अंगाने चांगली भरलेली वासरे पावसाळ्याच्या तोंडाला याला बळी पडतात: मागचा पाय लंगडतो, फऱ्यावर सूज येते, दाबली की आतल्या वायूने चरचर आवाज होतो. लस पावसाआधीच टोचावी लागते, कारण सूज दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. शेळ्या-मेंढ्यांतील आंत्रविषार परफ्रिंजेन्सच्या डी प्रकारामुळे होतो. त्याची लसही कोवळा चारा उगवण्याआधी द्यावी. फऱ्याने मेलेले जनावर फाडू नये, चुना टाकून खोल पुरावे. उघड्यावर पडले तर त्याचे बीजाणू त्या कुरणात वर्षानुवर्षे राहतात.