वेलची मरते, बसराई जगते : केळीच्या मर रोगाची मागची गोष्ट

श्रावणात गुहागरला काकांच्या वाडीत गेलेलो, तर पोफळींच्या मधली वेलची केळ पार पिवळी, खालची पानं देठात मोडून खांबाभोवती लोंबतायत, आणि घड नुकताच बाहेर पडलेला. काका म्हणाले, खत कमी पडलं असेल. शेवटी कोयतीने खालचा गड्डा आडवा कापला, तर पांढऱ्या गरात तांबूस-तपकिरी ठिपक्यांचं कडं. खताचा प्रश्नच नव्हता, मर लागली होती.

ह्यालाच पनामा रोग म्हणतात. नाव पनामाचं असलं तरी लेखी नोंद आधी ऑस्ट्रेलियात झाली, १८७६ ला, डॉक्टर जोसेफ बॅन्क्रॉफ्ट यांची. बुरशीला फ्युजॅरियम क्युबेन्स हे नाव १९१० ला अमेरिकन वनस्पतीरोगतज्ज्ञ अर्विन स्मिथ यांनी दिलं. ती मातीतून मुळात शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवते, म्हणजे पाटाला पाणी असूनही झाड तहानेने मरतं. तिकडे मध्य अमेरिकेत ग्रोस मिशेल ह्या एकाच जातीच्या मैलोन् मैल बागा होत्या, बाग मेली की कंपन्या पुढचं जंगल तोडायच्या आणि लावायला मुनवे, म्हणजे गड्ड्याला फुटणारी पिल्लं, जुन्याच बागेतले न्यायच्या, म्हणजे रोग स्वतःच पोचवायचा! महिनोन् महिने पाणी कोंडून बुरशी बुडवायचाही प्रयत्न झाला, पण ती परत आली. १९६० च्या आसपास व्यापारातून ग्रोस मिशेल गेली आणि ह्या मरीला दाद न देणारी कॅव्हेंडिश आली.

आपली बसराई त्या कॅव्हेंडिशच्याच घराण्यातली. म्हणून एकाच वाडीत बसराई हिरवीगार आणि बाजूची वेलची नाहीतर मुठेळी आडवी, असं दिसतं आणि लोक नजर लागली म्हणतात. अर्थात बसराईलाही मारणारा टीआर-४ नावाचा ह्याच बुरशीचा प्रकार आहे, तो तैवानकडून पसरत बिहारमध्येही आलाय.

कोकणात मोठ्या कंपन्या नाहीत, पण मुनवे आहेतच. चांगली केळ दिसली की मुनवा मागायचा, लेकीच्या सासरी पाठवायचा, त्याच्या मुळाची माती कोण धुतंय! त्यात पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात, वर आंबट जांभा माती, बुरशीला आणखी काय पाहिजे. एकदा आली की २०-३० वर्षं मातीत पडून राहते.

लागलेलं झाड वाचवणारं औषध नाही. ते गड्ड्यासकट काढून तिथेच जाळायचं, ओढत न्यायचं नाही, आळ्यात चुना टाकायचा. नवी लागवड टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची, नाहीतर मुनवे तासून कार्बेन्डाझिम ह्या बुरशीनाशकात बुडवून, आणि शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मुरवून, पण हे सगळं आधी करायचं. पाणी साचून बुरशी कमी व्हावी म्हणून एकदोन हंगाम भात घ्या असाही सल्ला देतात, आता पोफळीखाली भात कसा घेणार ते सांगत नाहीत.

काकांनी त्या जागी बसराई लावली. पण सत्यनारायणाला वेलचीच लागते, म्हणून टिश्यू कल्चरची चार रोपं आणून अगदी वर, पाटाच्या तोंडाशी लावलीत, खालचं पाणी तिथे चढत नाही.