ओपीटी (अमेरिकेत डिग्रीनंतर कामाची परवानगी)

ओपीटी म्हणजे ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग. एफ-१ व्हिसावर अमेरिकेत शिकणाऱ्यांना आपल्याच विषयात १२ महिने काम करायची परवानगी. बहुतेक जण ती डिग्री झाल्यावरच वापरतात. नावात ट्रेनिंग असलं तरी असते ती साधी नोकरीच, आणि हा वेगळा व्हिसा नाही, स्टेटस एफ-१ चंच राहतं, हे घरी समजावता समजावता अर्धा व्हिडिओ कॉल संपतो. मास्टर्सनंतर वापरली आणि पुढे पीएचडी केली तर परत १२ महिने मिळतात, पण दुसरं मास्टर्स करून मिळत नाहीत, डिग्री आधीपेक्षा वरचीच लागते. शिकताना सीपीटीवर (कोर्सचा भाग म्हणून मिळणारी कामाची परवानगी) १२ महिने फुलटाइम काम केलेलं असेल तर त्या लेव्हलची ओपीटी गेलीच समजायची.

अर्ज कॉलेजच्या डीएसओपासून, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यापासून, सुरू होतो. तो सेव्हिस या सरकारी विद्यार्थी-नोंदणी सिस्टिममध्ये शिफारस टाकतो, नवीन आय-२० (कॉलेजचं एफ-१ साठीचं सर्टिफिकेट) देतो, आणि शिफारशीनंतर ३० दिवसांत आय-७६५ हा कामाच्या परवानगीचा फॉर्म इमिग्रेशन खात्याकडे पोचायला हवा. मंजूर झालं की ईएडी हे कामाच्या परवानगीचं कार्ड पोस्टाने येतं. ते आल्याशिवाय आणि त्यावरची तारीख उजाडल्याशिवाय एक दिवसही काम करायचं नाही, ऑफर लेटर हातात असलं तरी.

खरी गोम तारखांमध्ये आहे. समजा कोर्स १० मे २०२५ ला संपला. तर अर्ज ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत, म्हणजे ९ फेब्रुवारी ते ९ जुलै, आणि ओपीटी सुरू व्हायची तारीख ११ मे ते ९ जुलैमधली आपणच निवडायची. त्या तारखेपासून बेकारीचे दिवस मोजले जातात, एकूण ९० माफ, शनिवार-रविवार धरून. ११ मे निवडली आणि नोकरी नसली तर ८ ऑगस्टला ९० भरले, ९ जुलै निवडली तर ६ ऑक्टोबरला. म्हणून नोकरी पक्की नसलेले शेवटची तारीख टाकतात आणि फ्रीजवर कॅलेंडर चिकटवून रोज एक फुली मारतात. नोकरी नसताना भारतात येऊन राहिलं तरी ते दिवस मोजले जातात, ही चूक बरेच जण गणपतीला घरी येऊन करतात! आठवड्याला किमान २० तासांचं विषयाशी संबंधित काम असलं की काउंटर थांबतो, बिनपगारी चालतं.

इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर, गणित असल्या स्टेम डिग्रीवाल्यांना वर २४ महिने मिळतात. २००८ साली ही वाढ १७ महिन्यांची होती, २०१६ पासून २४ झाली. इथे मात्र कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासायची सरकारी ऑनलाइन सिस्टिम) हवी, आय-९८३ हा ट्रेनिंग प्लॅन भरून द्यावा लागतो, फुकट काम चालत नाही, आणि बेकारीची मर्यादा एकूण १५० दिवस होते. पुण्या-मुंबईतून जाणारी बहुतेक पोरं कॉम्प्युटर किंवा डेटा सायन्स का घेतात त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे, कारण तीन वर्षांत एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत तीनदा तरी नाव टाकता येतं, आणि वर्षाला जागा फक्त ८५,०००. शिवाय इकडे शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा बँकेचा हप्ता कोर्स संपल्यावर सहा महिने-वर्षभरात सुरू झालेला असतो.

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, त्यातले ९७,५५६ ओपीटीवर. ओपीटीच बेकायदा आहे म्हणून तिथल्या टेक कामगारांच्या एका संघटनेने केस केली होती, पण २०२२ मध्ये अपील कोर्टाने ती फेटाळली आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऐकायलाही नकार दिला.

पहिला पगार आला की स्लिप नीट बघायची. एफ-१ वरच्यांना साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (पेन्शन आणि म्हातारपणीच्या आरोग्यविम्यासाठी पगारातून कापले जाणारे कर) लागत नाहीत, पण छोट्या कंपनीच्या एचआरला हे माहीत नसतं आणि सरसकट कापून मोकळे होतात. आधी कंपनीकडेच परत मागायचे, नाही दिले तर टॅक्स खात्याचा फॉर्म ८४३ भरायचा.