गाठीची चोरटी नळजोडणी

नागपूरला पाणी दोन ठिकाणांहून येतं. मोठा वाटा पेंचचा, धाकटा कन्हानचा. आपल्या यकृताचंही तसंच आहे. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के आतड्यांकडून पोर्टल व्हेनमधून येतं, उरलेलं यकृत धमनीतून.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी या पोर्टल व्हेनमधूनच यकृतात वाहत येतात, म्हणून हा आजार पसरला की अनेकदा आधी तिथेच सापडतो. गंमत पुढेच आहे (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्दही सुचत नाही). गाठ वाढू लागली की ज्या लाइनीने आली ती सोडते आणि धमनीवर चोरटी जोडणी घेते. म्हणजे निरोगी यकृत मुख्यतः पेंचवर आणि गाठ कन्हानवर! मग औषध कन्हानमध्येच सोडलं तर?

रेडिओएम्बोलायझेशन म्हणतात ते हेच. जांघेतून किंवा मनगटातून बारीक कॅथेटर घालून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत यकृत धमनीपर्यंत नेतात आणि इट्रियम-९० हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य भरलेले लक्षावधी सूक्ष्म मणी सोडतात. मणी २० ते ६० मायक्रॉनचे, केसाहून बारीक. तरी गाठीच्या केशवाहिन्यांत अडकण्याइतके मोठे. त्यांचे बीटा किरण सरासरी अडीच मिलिमीटरच जातात. पोट फाडावं लागत नाही.

मणी वाट चुकून जठरात गेले तर अल्सर होतो, फुप्फुसात गेले तर त्याहून वाईट. म्हणून आधी स्कॅनवर दिसणारं टेक्नेशियम लावलेले प्रथिनाचे कण सोडून, ते कुठे जातात ते बघत रंगीत तालीम करतात.

इट्रियमचं अर्धायुष्य ६४ तास, म्हणजे तेवढ्यात त्याचा जोर निम्मा होतो. डोस आणणारं विमान चुकलं तरी ते घड्याळ थांबत नाही. डोस मागवतानाच तारीख-वेळ धरून हिशेब करावा लागतो. असे मणी आता आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही बनवले आहेत, नाव भाभास्फिअर.

ही युक्ती देखणी आहे, पण आकडे तेवढे देखणे नाहीत. २०१७ साली तीन चाचण्यांतल्या ११०३ रुग्णांचा एकत्र हिशेब आला. पहिल्या केमोथेरपीसोबतच मणी दिल्याने एकूण आयुष्य वाढलं नव्हतं. पुढे २०२१च्या चाचणीत, पहिली केमो निकामी ठरल्यावर दिलेल्या मण्यांनी आजाराची वाढ थोडी लांबवली, ७.२ऐवजी ८ महिने. आयुष्य मात्र तेवढंच राहिलं. म्हणून डॉक्टर हा उपाय सुचवतात तो मुख्यतः आजार यकृतापुरता उरलेला असताना, केमो चालेनाशी झाल्यावर, आणि तेही कावीळ नसेल तरच.