बॅडली आणि राँगली: वाईट केलेले आणि चुकीचे केलेले

भूप हा पाच स्वरांचा राग. त्यात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. समजा, एका विद्यार्थ्याने भूप गाताना वर्ज्य स्वराला एकदाही हात लावला नाही, पण त्याचा आवाज फाटला, दम पुरला नाही आणि आलाप जागच्या जागी घुटमळत राहिले. दुसऱ्या विद्यार्थिनीने मात्र गोड, तयार गळ्याने गाताना आरोहात निषाद घेतला. पहिल्याबद्दल इंग्रजीत ‘ही सँग बॅडली’ असे म्हणतील, दुसरीबद्दल ‘शी सँग इट राँग’ किंवा औपचारिक लेखनात ‘शी सँग इट इनकरेक्टली’. मराठीत आपण दोघांच्याही बाबतीत ‘नीट गायले नाही’ एवढे म्हणून थांबू शकतो. ‘नीट’ आणि ‘बरोबर’ हे आपले रोजचे शब्द दर्जा आणि अचूकपणा या दोन्ही गोष्टी पोटात घेतात, आणि इंग्रजी लिहिताना आपला गोंधळ बहुतेक वेळा इथेच सुरू होतो.

‘बॅडली’ हा शब्द दर्जा मोजतो. दर्जाला पायऱ्या असतात, म्हणून ‘बॅडली’च्या पुढे ‘वर्स’ आणि ‘वर्स्ट’ ही रूपे आहेत आणि ‘व्हेरी बॅडली’ हा प्रयोगही सहज होतो. ‘राँगली’ आणि ‘इनकरेक्टली’ हे शब्द केलेली गोष्ट एखाद्या नियमाशी, वस्तुस्थितीशी किंवा ठरलेल्या उत्तराशी ताडून पाहतात. तिथे जुळले किंवा जुळले नाही, एवढाच निकाल असतो. म्हणूनच ‘व्हेरी राँगली’ कानाला खटकते. ‘राँग’ हा शब्द इंग्रजीत स्कँडिनेव्हियन भाषांतून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘वाकडा, पिळलेला’ असा होता. जे सरळ रेषेवर नाही ते ‘राँग’, ही मूळ कल्पना त्याच्या आजच्या अर्थातही दिसते.

हा फरक मला एका मसुद्यामुळे खऱ्या अर्थाने उमगला. मराठीतून इंग्रजीत झालेले अनुवाद तपासण्याचे काम मी करीत होतो. ‘त्याला शिक्षा झाली’ या वाक्याचा, मातृभाषा हिंदी असलेल्या एका तरुण अनुवादकाने ‘त्याला शिक्षण मिळाले’ अशा अर्थाचा अनुवाद केला होता. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, त्यामुळे ही चूक समजण्यासारखी होती. त्याचे इंग्रजी वाक्य प्रवाही होते, आणि तरीही मी समासात शेरा लिहिला: ‘बॅडली ट्रान्स्लेटेड’. त्याने तो परिच्छेद मन लावून पुन्हा लिहिला, शब्द अधिक नेटके केले, वाक्यांची लय सुधारली आणि मसुदा परत पाठवला. ‘शिक्षण’ मात्र जागेवर तसेच राहिले. मी दर्जाला नाव ठेवले होते, म्हणून त्याने दर्जा सुधारला. मला म्हणायचे होते ‘राँगली ट्रान्स्लेटेड’. तो शब्द लिहिला असता तर त्याने शब्दकोश उघडला असता. चूक माझ्या शेऱ्यात होती आणि त्यात एका कष्टाळू माणसाचा दिवस गेला, याचे मला आजही वाईट वाटते.

हे ‘वाईट वाटणे’ही इंग्रजीत जपून लिहावे लागते. मराठीत ‘वाईट’ हा शब्द विशेषण म्हणून आला काय किंवा क्रियाविशेषण म्हणून आला काय, त्याचे रूप तेच राहते: वाईट सवय, वाईट गातो, वाईट वाटते. त्यामुळे आपल्या लेखनात ‘ही सिंग्ज बॅड’ असे वाक्य येते, आणि ती चूक टाळण्याच्या नादात कोणी ‘आय फील बॅडली’ असेही लिहितो. गाण्याची रीत सांगायची असेल तर ‘बॅडली’ हवे. ‘फील’च्या पुढे मनाची अवस्था सांगायची असेल तर प्रमाण लेखनात ‘बॅड’ हेच रूप सुरक्षित.

‘राँग’चे वागणे याहून वेगळे आहे, कारण ते स्वतःच क्रियाविशेषण म्हणूनही चालते. क्रियापदानंतर आणि कर्मानंतर, विशेषतः बोलण्यात, तेच स्वाभाविक वाटते: ‘यू स्पेल्ट माय नेम राँग’. शब्द क्रियापदाच्या किंवा धातुसाधिताच्या आधी आला की मात्र ‘राँगली’च लागते: ‘अ राँगली स्पेल्ट नेम’, ‘ही वॉज राँगली अक्यूज्ड’. ‘इनकरेक्टली’ दोन्ही जागी चालते, पण त्याला दफ्तरी वळण आहे. अर्ज, सूचना आणि तांत्रिक मजकूर ही त्याची खरी ठिकाणे.

मराठी माणसासाठी सर्वांत फसवी जागा ‘चुकून’ ही आहे. ‘ती मेल मी चुकून तुम्हाला पाठवली’ याचे इंग्रजी करताना अनेक जण ‘राँगली’ लिहितात. पण ‘चुकून’मध्ये सांगायचे असते ते हेतू नसणे, आणि त्यासाठी इंग्रजीत ‘बाय मिस्टेक’ आहे. ‘राँगली’ हा शब्द समज, निर्णय किंवा आरोप यांच्यासोबत अधिक शोभतो: ‘आय राँगली असूम्ड’ म्हणजे माझा तर्क चुकीचा निघाला. चुकीचे बटण दाबले किंवा चुकीची बस पकडली, तर इंग्रजी आपल्यासारखेच ‘चुकीचे’ हे विशेषण नामाला जोडते आणि ‘द राँग बस’ म्हणते. बस पकडण्याच्या क्रियेत काही बिघडलेले नसते. बस वेगळी असते.

दोन्ही शब्द एकत्र येतात तेव्हा त्यांचे स्वभाव फार स्पष्ट दिसतात. ‘थिंग्ज वेन्ट बॅडली राँग’ या वाक्यात ‘बॅडली’ दर्जा सांगत नाही, तर चूक किती मोठी होती हे सांगते. ‘बॅडली इंजर्ड’ म्हणजे गंभीर जखमी, आणि ‘बॅडली नीडेड’ म्हणजे ज्याची नितांत गरज आहे असे. या दुसऱ्या प्रयोगात वाईट असे काहीच उरत नाही.

इंग्रजीतला ‘मिस’ हा उपसर्ग मात्र हा भेद पाळत नाही. ‘मिसस्पेल’मध्ये चूक आहे, ‘मिसबिहेव्ह’मध्ये वाईटपणा आहे. आपल्या ‘गैर’चेही तसेच आहे: गैरसमज चुकीचा असतो, गैरवर्तन वाईट असते.

रुग्णालयाविरुद्ध तक्रार लिहिताना हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. ‘माय फादर वॉज बॅडली ट्रीटेड’ असे लिहिले तर वाचणारा बहुधा वागणुकीविषयीची तक्रार समजेल: उद्धट उत्तरे मिळाली, रुग्णाला तासन्‌तास ताटकळत ठेवले. ‘राँगली ट्रीटेड’ लिहिले तर उपचारच चुकल्याचा आरोप होऊ शकतो, पण अन्याय झाला असाही अर्थ निघतो. म्हणून औषध किंवा उपचार चुकला असेल, तर क्रियाविशेषण बाजूला ठेवून ‘ही वॉज गिव्हन द राँग ट्रीटमेंट’ असे लिहावे, आणि त्यापुढे औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख द्यावी.