नदीखोऱ्यातील जलव्यवस्थापनाची निर्णय-साहाय्य प्रणाली

खोऱ्यातले पाणी कोणाला, किती आणि केव्हा द्यावे हे ठरवताना वापरली जाणारी संगणकीय व्यवस्था. पाऊस, विसर्ग, धरणसाठे, भूजल व मागणी यांच्या नोंदी, त्यांवर चालणारी गणिती प्रतिमाने आणि निष्कर्ष नकाशे-आलेखांतून दाखवणारा भाग मिळून ती बनते. निर्णय ती घेत नाही. अमुक निर्णय घेतल्यास नदीच्या वरच्या व खालच्या अंगाला काय होईल, एवढेच दाखवते.

प्रतिमानात खोरे म्हणजे बिंदू आणि रेषांचे जाळे. धरणे, शहरे, लाभक्षेत्रे हे बिंदू. नदी व कालवे या रेषा. प्रत्येक बिंदूवर दर दिवसाचा किंवा महिन्याचा ताळेबंद जुळवतात: येवा (येऊन मिळणारे पाणी), वापर, बाष्पीभवन, पाझर, पुढे सोडलेले पाणी. शेताला दिलेल्या पाण्यातले काही जमिनीतून पुन्हा नदीत उतरते. हे परतीचे पाणी हिशेबात धरले नाही, तर वरच्या भागातली ‘बचत’ प्रत्यक्षात खालच्यांचे पाणी तोडते. ही चूक जुनी आहे, पण अजून सुटलेली नाही.

नियम देऊन परिणाम पाहणे (अनुकरण) आणि उद्दिष्ट देऊन उत्तम नियम शोधणे (इष्टतमीकरण) अशा दोन पद्धती आहेत. व्यवहारात पहिली अधिक चालते, कारण तिचे उत्तर कसे आले याचा माग काढता येतो आणि भांडणाऱ्या पक्षांना तो दाखवताही येतो.

विसाव्या शतकाच्या मध्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या जल कार्यक्रमाने अभियांत्रिकी, अर्थशास्त्र आणि संगणक यांची सांगड घातली. आज स्टॉकहोम पर्यावरण संस्थेचे ‘वीप’ आणि कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘रिव्हरवेअर’ ही परिचित साधने आहेत. नाईल खोऱ्यातील देशांनीही सामाईक प्रणाली उभारली आहे.

मात्र प्रतिमान कितीही नेटके असले, तरी ते नोंदींपलीकडे पाहू शकत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या पाणीवाटपाच्या १९२२ च्या करारात वरच्या व खालच्या खोऱ्यांना वर्षाला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट उंच उभे राहील इतके) पाणी ठरले, तेव्हा हाताशी असलेल्या नोंदी विशेष ओल्या वर्षांच्या होत्या. झाडांच्या खोडांतील वलयांवरून, म्हणजे वर्षागणिक वाढीच्या खुणांवरून, पुढे उमगले की नदीचा दीर्घकालीन प्रवाह त्याहून बराच कमी आहे. म्हणून त्या खोऱ्याच्या प्रतिमानात आता एकच येवा गृहीत न धरता अनेक संभाव्य येवा-मालिका चालवून पाहतात. काही मालिका त्या वलयांवरूनच काढलेल्या आहेत, तर काही हवामान-प्रतिमानांवरून.