पायातला ठेका आणि तबकडीत न आलेला बेस ड्रम

जॅझच्या मोठ्या ड्रमरांबद्दल कुठेही वाचा, एक वाक्य हमखास भेटतं: चाळीसच्या दशकात बीबॉपवाल्यांनी ठेका पायातून काढून हातात दिला. (बीबॉप म्हणजे तेव्हा निघालेली जॅझची नवी, वेगवान शैली.) म्हणजे बेस ड्रमवर, पायाच्या पेडलने वाजणाऱ्या मोठ्या ढोलावर, चारही मात्रांना पडणारा पाय थांबला आणि लय राइड सिंबलवर, म्हणजे काठीने वाजवायच्या मोठ्या थाळीवर गेली. १२ नोव्हेंबर २०२४ ला ड्रमर रॉय हेन्स वयाच्या ९९ व्या वर्षी गेला. त्या पिढीच्या अगदी शेवटच्या दुव्यांपैकी तो एक. त्याची जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा काढून बसलो तेव्हा हे वाक्य परत खुपायला लागलं. ते साफ खोटं नाही, पण त्यातला 'पाय', 'काढून' आणि 'ठेका' हे तिन्ही शब्द तपासून घ्यावेत असे आहेत.

जॅझ जिथे जन्मलं त्या न्यू ऑर्लिन्सचा भाग थोडक्यात उरकतो. मिरवणुकीच्या बँडमध्ये बेस ड्रम एकाकडे आणि स्नेअर, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा छोटा, कडक आवाजाचा ड्रम, दुसऱ्याकडे असायचा. पायाने चालवायच्या पेडलचं पेटंट १९०९ मध्ये झालं आणि दोन माणसांचं काम एकाच्या अंगावर आलं. त्या गावचा पहिला थोर ड्रमर बेबी डॉड्स. स्टिक चामड्यावर दाबून काढलेली त्याची सलग घरघर, म्हणजे प्रेस रोल, पुढच्या सगळ्यांनी उचलली. पण १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडबरोबर इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी त्याचं वादन मुद्रित झालं, ते मायक्रोफोनशिवाय. भोंग्यासमोर वाजवायचं, दुसऱ्या टोकाला सुई मेणात रेघ कापणार. बेस ड्रमचा दणका बसला की सुई उडायची, म्हणून डॉड्सच्या वाट्याला प्रामुख्याने लाकडी ठोकळे आले. (स्टुडिओशेजारून रेल्वेचे रूळ जात. गाडी आली की मुद्रण थांबवायचं.) त्या तबकड्या ऐकून कुणी म्हणेल की त्या काळी ड्रमर टकटक करायचे. डॉड्स खरोखर काय करायचा, ते लोकांना नीट ऐकायला मिळालं १९४६ मध्ये, त्याने एकट्याने वाजवून आणि बोलून दाखवलं तेव्हा.

मला जे सांगायचं आहे त्याची सुरुवात इथेच होते. जॅझ ड्रमिंगचा इतिहास म्हणून आपण जो वाचतो, त्याचा बराच भाग यंत्राला काय ऐकू आलं याचा इतिहास आहे.

लय सिंबलकडे सरकायला बीबॉपच्या आधीच सुरुवात झाली होती. काउंट बेसीच्या बँडमधला ड्रमर जो जोन्स १९३६-३७ च्या तबकड्यांतच हाय-हॅटवर लय चालवताना ऐकू येतो. पायाने चालणारी ही सिंबलची जोडी थोडी उघडते, थोडी मिटते, आणि बेस ड्रमवरचा पाय इतका हलका की नाचणाऱ्यांना जमीनच वाजतेय असं वाटावं. त्यामुळे बीबॉपचा ड्रमर केनी क्लार्कने पुढे जे केलं ती एकदम मारलेली उडी नव्हती.

क्लार्कची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. एक गाणं इतक्या वेगात चाललं होतं की चार-चार मात्रा मारून पाय भरून आला, म्हणून लय वरच्या सिंबलवर नेली आणि बेस ड्रम मधूनच, अनपेक्षित जागी ठोकायला मोकळा ठेवला. बँडमधल्यांना ते खपलं नाही आणि मालकाने त्याला काढलं. पुढे त्याच मालकाकडे न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या ११८ व्या रस्त्यावरच्या एका क्लबची व्यवस्था आली, तेव्हा त्याने क्लार्कलाच बोलावून घेतलं. ते अवचित ठोके 'बॉम्ब' म्हणून प्रसिद्ध झाले. युद्धाचे दिवस होते, शब्द हवेतच होता. १९४१ मध्ये एक कॉलेजविद्यार्थी तबकडी कापण्याचं आपलं यंत्र घेऊन त्या क्लबमध्ये जायचा. त्याने केलेल्या मुद्रणांत हे सगळं घडताना ऐकू येतं. तो हौशी पोरगा नसता तर आपल्या हाती केवळ आठवणी राहिल्या असत्या.

कारण पुढच्याच वर्षी दार बंद झालं. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने सदस्यांना स्टुडिओत वाजवायला मनाई केली. ज्यूकबॉक्स आणि रेडिओवर तबकड्या वाजतात, कंपन्या पैसे कमावतात, आणि तबकडीमुळे ज्याचं काम गेलं त्या वादकाला छदामही मिळत नाही, अशी तक्रार होती. प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम बेकार वादकांच्या निधीत द्या, ही मागणी होती. एक मोठी कंपनी सप्टेंबर १९४३ मध्ये नमली, उरलेल्या दोन बड्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिल्या. गायकांवर बंदी नव्हती, म्हणून कंपन्यांनी वाद्यांच्या जागी मागे कोरस उभे करून गाणी काढली. तबकड्यांसाठी लागणारी लाख (शेलॅक) भारतातून जायची, युद्धामुळे तिचाही तुटवडा होता. त्यामुळे छोट्या कंपन्या तशाही चाचपडतच होत्या.

या निर्णयावर आजही दोन तट पडतात. जॅझचे चाहते संघटनेला शिव्या घालतात. मला ती मागणी रास्त वाटते, शेवटी निधी मिळालाही. पण किंमत मोजली ती आपल्या कानांनी. बीबॉपचे दोन म्होरके, सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी, १९४३ मध्ये ज्या मोठ्या बँडमध्ये एकत्र होते, त्याची कंपनीने काढलेली एकही तबकडी नाही. क्लार्क त्याच वर्षी सैन्यात गेला आणि १९४६ मध्ये परतला. म्हणजे स्टुडिओचं दार उघडलं तेव्हा ज्याने ही वाट पाडली तोच हजर नव्हता. फेब्रुवारी १९४४ मध्ये एका छोट्या कंपनीसाठी बीबॉपच्या पहिल्या म्हणाव्यात अशा तबकड्या झाल्या. ड्रमवर होता वीस वर्षांचा मॅक्स रोच. पुढच्या पिढ्या ज्या वादनावरून शिकल्या ते रोचचं. क्लार्कच्या वाट्याला किस्से आले.

आता 'पाय थांबला' या दाव्याकडे. २६ नोव्हेंबर १९४५ ला रोच आणि पार्कर यांनी मिनिटाला ३०० मात्रांच्या आसपासच्या वेगात वाजवलेलं एक मुद्रण आहे. हेडफोन लावून ते मी कितीदा ऐकलं असेल. वर सिंबल सळसळतो, मध्ये स्नेअरचे फटकारे, आणि तळाशी एक मऊ धपधप. ती कॉन्ट्राबासच्या, म्हणजे उभ्या, खर्जातल्या तंतुवाद्याच्या तारेची की पेडलची, हे मला आजतागायत सांगता येत नाही. ही माझ्या कानाची चूक नव्हे. त्या पिढीतल्या अनेकांनी पाय उचललाच नव्हता, फक्त दाब काढून घेतला होता. याला ते फेदरिंग म्हणतात. चामड्यावरून पीस फिरावं इतक्या हलक्याने चारही मात्रा. समोर बसलेल्याला त्या ऐकू येण्याऐवजी जाणवतात, आणि कॉन्ट्राबासला अंग येतं. एका मायक्रोफोनने मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर हे पकडणं अशक्यच. तबकडीवरून शिकणाऱ्या पोरांनी मात्र ऐकू येत नाही म्हणजे वाजतच नाही असं धरलं, आणि पाय खरोखर थांबवला. ऐकण्यातल्या चुकीतून शैली जन्मली, आणि तीही वाईट निघाली नाही.

राहिला 'ठेका'. मराठीत लिहिताना आपण राइडच्या 'डिंग, डिंगा-डिंग'ला सर्रास ठेका म्हणतो. सी. रामचंद्रांच्या चाली आणि त्यांच्यामागे वाजवणारे गोव्याचे वादक यांच्यामुळे स्विंग आपल्याला परका नाही, म्हणून शब्दही सहज चिकटला. पण ठेक्याला बोल असतात, सम असते, खाली असते, आवर्तन असतं. राइडची आकृती दोन मात्रांत संपते आणि तिला समेची कल्पनाच नाही. जॅझमधलं आवर्तन म्हणजे गाण्याचा ३२ किंवा १२ बारचा (बार म्हणजे बहुधा चार मात्रांचा खंड) साचा, आणि तो वाजत नाही, सगळ्यांच्या डोक्यात फिरत असतो. रोचचा सोलो कळायचा तर मनात मूळ गाणं म्हणत राहावं लागतं. बरोबर तेवढेच बार भरून तो परततो. तबल्याच्या एकलवादनात लेहरा जे काम करतो ते इथे ऐकणाऱ्याने करायचं. याला एक गमतीदार अपवाद आहे. १९५८ मध्ये पियानोवादक डेव्ह ब्रुबेकची चौकडी मुंबईत आली, ब्रुबेकने सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवलं, आणि पुढच्या वर्षी त्या चौकडीचं पाच मात्रांचं प्रसिद्ध मुद्रण झालं. त्यात ड्रमर जो मोरेलोच्या सोलोखाली पियानो एकच तुकडा शेवटपर्यंत धरून बसतो. अगदी लेहराच.

शिवाय ती 'डिंगा' नेमकी किती लांब-आखूड, हेही ठरलेलं नाही. पुस्तकं मात्रेचे तीन भाग पाडून दोनास एक असं लिहितात. प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा दिसलं की संथ लयीत लांब स्वर आखूडाच्या तिपटीहूनही मोठा होतो, आणि अतिद्रुत लयीत दोन्ही जवळजवळ सारखे. म्हणजे स्विंग हा आकडा नाहीच. विलंबितातली नि द्रुतातली लग्गी एकाच मापाने लिहिता येत नाही, तसंच.

१९५० नंतर ऐकणंच बदललं. टेप आली, लाँगप्ले आली, आणि न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी, दिवसा लोकांचे डोळे तपासणाऱ्या एका हौशी गृहस्थाने आईवडिलांच्या दिवाणखान्यात मायक्रोफोन मांडले. ड्रमर आर्ट ब्लेकीचा प्रेस रोल खोलीच्या तळातून उसळत येतो तो तिथल्या मुद्रणांत. डॉड्सची ती घरघर तीस वर्षांनी आपल्या खऱ्या आकारात ऐकू आली. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनमागचा ड्रमर एल्विन जोन्स तर १९२३ च्या भोंग्यात मावलाच नसता. मात्रेचे तीन तुकडे तो स्नेअर, टॉम-टॉम ड्रम आणि पाय यांत वाटून टाकतो, आणि बेस ड्रम पुन्हा मोठ्याने बोलायला लागतो. ड्रमर टोनी विल्यम्स १९६३ मध्ये सतराव्या वर्षी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसकडे आला आणि दोन-चारवर, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला, मिटणारा हाय-हॅट पुढे चारही मात्रांना मिटू लागला. बेस ड्रमही आक्रसत गेला. डॉड्सच्या काळातल्या २८ इंचांवरून विल्यम्सच्या १८ इंचांवर.

हेन्स या सगळ्यांच्या मधोमध, आणि तरी मोजदादीत नेहमी मागे. १९४९ पासून पार्करबरोबर, मग पाच वर्षं सारा व्हॉनच्या गाण्यामागे, एल्विन नसेल तेव्हा कोल्ट्रेनकडे. त्याचा हाय-हॅट दोन-चारला बांधलेला नव्हताच. तो हवा तेव्हा मिटायचा, हवा तेव्हा गप्प. शिकवणीत आजही पहिल्या आठवड्यात दोन-चार पक्का करून घेतात, आणि फेदरिंग पुन्हा अभ्यासक्रमात आलं आहे. पाय इतका हलका पडला पाहिजे की शेजारच्या खोलीतल्या मास्तरांना तो ऐकू येता कामा नये.