घेवडा: जीन्स, ताण आणि त्यावरचं संशोधन

घेवडा म्हणजे शास्त्रीय नावानं फॅसिओलस व्हल्गॅरिस. नावाचा गोंधळ आधी मिटवू, कारण कोल्हापुरात एकाच मंडईत या एका झाडाला दोन-तीन नावं आहेत. कोवळी हिरवी शेंग असली की ती बिन्स किंवा श्रावण घेवडा, मुंबईचा पाहुणा आला की तो तिलाच फरसबी म्हणणार, आणि शेंग झाडावर वाळवून दाणे काढले की तोच राजमा. वरणा आणि पावटा मात्र यात धरायचे नाहीत. त्यांनाही बरेच जण घेवडाच म्हणतात पण ते लॅबलॅब नावाच्या वेगळ्या वंशातले, त्यांचे जीन्स (आनुवंशिक गुण ठरवणारे घटक) वेगळे आणि कमी पाण्यावर तग धरायची ताकदही वेगळी. ही नोंद फक्त बिन्स-राजम्याच्या घेवड्याबद्दल आहे.

हे झाड मुळात आपल्याकडचं नाही, अमेरिका खंडातलं आहे, आणि पुढं जे काही लिहिलंय ते समजायला ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी लागते. उत्तर मेक्सिकोपासून खाली अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत डोंगरउतारांवर याचे रानटी वेल आजही सापडतात. या रानटी वेलांची दोन घराणी पडली, एक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं आणि दुसरं दक्षिणेच्या अँडीज पर्वतातलं. ही फाटाफूट साधारण १,६५,००० वर्षांपूर्वीची असा जीनोमवरनं, म्हणजे झाडाच्या सगळ्या डीएनएवरनं, अंदाज निघतो, आणि माणसानं सुमारे ८,००० वर्षांपूर्वी दोन्हीकडं वेगवेगळं, एकमेकांचा पत्ता नसताना, या वेलाला शेतात आणलं. एकच पीक दोनदा माणसाळलं गेलं, अशी उदाहरणं फार थोडी आहेत. अँडीजवाल्याचा दाणा मोठा, किराणा दुकानातला जाड लाल राजमा डोळ्यापुढं आणा, आणि मेक्सिकोवाल्याचा दाणा बारीक. दाण्यात फॅसिओलिन नावाचं प्रोटीन असतं, ते लॅबमध्ये जेलवर पळवलं की त्याच्या पट्ट्यांवरनं दाणा कुठल्या घराण्यातला ते कळतं. दोन घराणी एकमेकांपासून इतकी लांब गेलीत की काही वेळा त्यांचा संकर केला तर पहिल्याच पिढीतलं रोप खुरटून मरतं. यामागं डीएल-१ आणि डीएल-२ असे दोन जीन्स आहेत, एक एका घराण्यातला आणि एक दुसऱ्यातला. एकेकटे असताना दोघंही निरुपद्रवी, एका रोपात एकत्र आले की मुळांपासून बिघाड सुरू होतो.

आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात कोरेगाव भागात पिकणाऱ्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दाणा तळहातावर घेऊन बघा, फिक्या अंगावर लालसर पट्टे, आणि दोन दाण्यांचे पट्टे कधीच तंतोतंत सारखे नसतात, मधेच एखादा पट्टा तुटतो, एखादा डोळ्याजवळ जाऊन विरतो. हा पट्टा म्हणजे दाण्याच्या सालीतल्या रंगद्रव्याचा खेळ. सालीला रंग येणार की नाही याचं मुख्य बटण पी नावाच्या जीनकडं आहे, तो बंद पडला की दाणा पांढरा, आणि चालू असला की कुठला रंग, ठिपके की पट्टे हे बाकीचे जीन्स ठरवतात.

आनुवंशिकतेच्या इतिहासात मटार सगळ्यांना माहीत आहे, घेवडा कुणाला नाही, आणि मला हे मनापासून खटकतं. मटारावर आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं १८६६ च्या आपल्या निबंधात घेवड्याचे संकरही दिलेत. पांढऱ्या फुलाचा घेवडा आणि जांभळट लाल फुलाची त्याची एक भावंड जात (आजचा फॅसिओलस कॉक्सिनियस) त्यानं एकत्र केली, दुसऱ्या पिढीत मटारासारखं तीन रंगीत झाडांमागं एक पांढरं यायला पाहिजे होतं, आले मात्र जांभळ्यापासून फिक्यापर्यंत सगळे रंग आणि फुललेल्या ३१ झाडांत पांढरं फक्त एक. त्यानं ते लपवलं नाही, उलट लिहिलं की रंग एकापेक्षा जास्त घटकांचा मिळून बनत असावा. नंतर डेन्मार्कच्या योहानसननं १९०३ मध्ये घेवड्याचेच दाणे तोलून तोलून दाखवलं की मिसळ बियाण्यातनं मोठे दाणे निवडले तर पुढची पिढी मोठी येते पण एकाच झाडाच्या स्वपरागी वंशात मोठा दाणा पेरा की लहान, पिकाची सरासरी तीच राहते, म्हणजे दिसणं वेगळं आणि आतलं वाण वेगळं. जीन हा शब्दच त्यानं १९०९ मध्ये वापरात आणला. मग १९२३ मध्ये कार्ल सॅक्सनं घेवड्यातच दाखवलं की सालीच्या रंगाचा जीन आणि दाण्याचं वजन वारसानं एकत्र जातं. रंगाच्या खुणेवरनं वजनाचा अंदाज बांधायची ही युक्ती म्हणजे आजच्या मार्कर ब्रीडिंगची पहिली पायरी, आणि ती राजम्यावर चढली गेली.

घेवड्यात क्रोमोझोमच्या ११ जोड्या, जीनोम डीएनएच्या सुमारे ५८७ दशलक्ष अक्षरांचा. अँडीज घराण्यातल्या जी-१९८३३ या वाणाचा जीनोम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात २७,१९७ जीन्स मोजले गेले, आणि मेक्सिको घराण्यातल्या बॅट-९३ चा २०१६ मध्ये आला.

आता जीनचा आपल्या शिवाराशी संबंध काय ते सांगतो. कोल्हापूर म्हणजे ऊस, आणि लागणीनंतर भरणीपर्यंत सरीतली जी जागा मोकळी असते तिथं बरेच शेतकरी घेवड्याचं आंतरपीक घेतात. तिथं वेल चालत नाही, उसाला गुंडाळला तर दोन्ही पिकं गेली, तिथं झुडपासारखा बुटका घेवडा लागतो जो एकदम फुलतो आणि भरणीच्या आत रान मोकळं करतो. रानटी घेवडा वेलच असतो. त्याचा शेंडा वाढतच राहतो कारण टीएफएल नावाच्या कुळातला एक जीन शेंड्याला फूल होऊ देत नाही. हा जीन बिघडला की शेंड्यालाच फुलांचा घोस येतो आणि वाढ थांबते. या बिघाडाला फिन म्हणतात, तो पहिल्या क्रोमोझोमवर आहे, आणि बुटक्या वाणांमागं बहुतेक वेळा तोच असतो. आपण सरीत जो बिन्स टोकतो तो अशा एका मोडलेल्या जीनच्या जोरावर उभा असतो.

ताणाचं म्हणाल तर घेवडा नाजूकच. थंड डोंगरातला असल्यामुळं त्याला गारवा आवडतो, आणि दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीची उष्णता त्याला जास्त बाधते. रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर राहायला लागलं की परागकण नीट तयार होत नाहीत, परागकोश फुटत नाहीत, फूल दिसायला चांगलं पण आतनं वांझ. एप्रिलमध्ये बिन्सच्या वाफ्यात सकाळी वाकून बघितलं की बुडाशी गळलेली फुलं पसरलेली असतात, देठाकडनं पिवळी पडलेली. शेतकरी म्हणतो पाणी कमी पडलं, आणि पाणी देतो, तरी गळ थांबत नाही. तिथं पाण्यापेक्षा रात्रच आडवी आलेली असते.

पाण्याचा ताण मात्र झाड स्वतः दाखवतं. दुपारी दोनला मळ्यात जा. सकाळी जी तिन्ही पानं तळहातासारखी पसरलेली होती ती आता उभी राहून सूर्याकडं फक्त कड करून असतात. प्रत्येक पानाच्या देठाशी एक फुगीर सांधा असतो, त्याच्या एका बाजूच्या पेशींतलं पोटॅशियम आणि पाणी दुसऱ्या बाजूला सरकतं आणि पान वळतं. हे सुकणं नव्हे, सांधा बोटानं दाबून बघा, ताठ असतो. ऊन अंगावर कमी घ्यायची ती सोय आहे. त्याच वेळी आत अॅब्सिसिक अॅसिड, म्हणजे ताणाचा इशारा देणारं संप्रेरक, वाढत असतं आणि पानाची सूक्ष्म छिद्रं बंद होत असतात. हे अॅसिड बनवायच्या वाटेतली कळीची पायरी म्हणजे पानातल्या पिवळ्या रंगद्रव्याचा तुकडा पाडणारं एनसीईडी एन्झाइम, त्याचा घेवड्यातला जीन १९९९ मध्ये वेगळा काढला गेला, आणि पाणी तुटलं की हा जीन कसा झपाट्यानं जागा होतो ते तिथं स्पष्ट दिसलं. पण छिद्रं बंद केली की अन्न बनणंही मंदावतं, त्यामुळं नुसतं तग धरणारं झाड शेतकऱ्याच्या उपयोगाचं नसतं. कोलंबियातल्या पाल्मिरा इथल्या सियाट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेतल्या ब्रीडरांनी म्हणून दुसरीच गोष्ट बघायला सुरुवात केली, ती म्हणजे ताणात झाड पानाखोडातलं साठवलेलं अन्न शेंगेत आणि शेंगेच्या सालीतनं दाण्यात किती ओततं. या मापावर चांगले ठरलेले वाण दुष्काळातच नव्हे, बऱ्या हंगामातही चांगले निघाले. माझ्या मते घेवड्याच्या संशोधनातली ही सगळ्यात शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट आहे.

क्षाराबद्दल कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्याच्या लोकांना वेगळं सांगायला नको. जादा पाणी आणि निचरा नाही, त्यामुळं तालुक्यातली बरीच जमीन क्षारपड झालीय आणि आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून ती सुधारायची धडपड चाललीय. माती परीक्षणाच्या रिपोर्टवर ईसीचा, म्हणजे विद्युत वाहकतेवरनं काढलेल्या क्षाराच्या मापाचा, आकडा असतो तो इथं महत्त्वाचा. घेवड्याचं उत्पन्न मीटरला १ डेसिसायमनच्या पुढं घटायला लागतं आणि पुढच्या प्रत्येक युनिटला साधारण १९ टक्के कमी होतं. उसाची हद्द १.७ आणि घट युनिटमागं ५.९ टक्के. म्हणजे ईसी ४ असलेल्या रानात ऊस १४ टक्क्यांच्या आसपास कमी येईल पण त्याच सरीतला घेवडा निम्म्याहून जास्त गेला. ऊस बरा दिसतोय म्हणून आंतरपीकही येईल हा हिशोब इथं फसतो. घेवडा सोडियमला मुळात आणि खोडाच्या बुडाशी अडवून धरतो, वर पानांत जाऊ देत नाही, पण क्लोराइड अडवणं त्याला तितकं जमत नाही, आणि पानाच्या कडा करपतात.

चंदगड, राधानगरीकडची तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी, तिथं स्फुरद मातीत असून लोह आणि अॅल्युमिनियमला चिकटून बसतं. अशा मातीत मुळांचा आकार कामाला येतो. स्फुरद वरच्या थरात असतं म्हणून उथळ पसरणारी, भरपूर केसांची मुळं असलेले वाण चांगले, आणि दुष्काळात पाणी खाली असतं म्हणून खोल जाणारी मुळं चांगली. दोन्ही एका झाडाकडनं मागितलं की ओढाताण होते, अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात जोनाथन लिंच यांनी घेवड्याच्या मुळांच्या कोनावर यासाठी बरीच वर्षं काम केलंय. नत्राचंही तसंच. कडधान्य आहे, गाठी धरतील, युरिया कशाला, असं वाटतं, पण घेवडा नत्र स्थिर करण्यात सगळ्या कडधान्यांत कच्चा, आपल्या मातीतले जिवाणू त्याच्या मुळांवर नीट गाठी बसवत नाहीत, म्हणून राजम्याला हेक्टरी ९० ते १२० किलो नत्राची शिफारस असते. उपटून मुळं बघा, हरभऱ्यासारखे गाठींचे घोस क्वचितच दिसतात.

रोगांत तांबेरा, करपा आणि मोझॅक व्हायरस. मोझॅकविरुद्ध आय नावाचा जीन वापरतात, तो चांगला आहे पण उष्ण हवेत काही प्रकारचे व्हायरस आले की हाच जीन झाडाला आतनं काळं करून मारतो, शिरा काळ्या, मूळ काळं. म्हणून त्याच्या जोडीला बीसी-३ सारखा दुसरा जीन घालतात. ब्राझीलनं गोल्डन मोझॅकवर जीएम (जीन बदललेला) घेवडा बनवून २०११ मध्ये त्याला मंजुरी दिली. एरवी घेवड्यात बाहेरनं जीन घालणं फार अवघड, कापलेल्या तुकड्यातनं परत अख्खं रोप सहजासहजी उगवून येत नाही.

उष्णतेवरचा उपाय घेवड्याच्या चुलत भावंडात मिळाला. उत्तर मेक्सिको आणि अॅरिझोनाच्या वाळवंटातला टेपरी बीन, फॅसिओलस अक्युटिफोलियस, कडक उन्हात आणि दोन-तीन पावसांवर येतो. त्याच्याशी घेवड्याचा संकर केला की शेंगेतला गर्भ वाढता वाढता मरतो, म्हणून कोवळा असतानाच तो शेंगेतनं काढून काचेच्या बाटलीत वाढवावा लागतो, आणि मग परत परत घेवड्याशी संकर. अशा मेहनतीनं तयार झालेल्या उष्णता सोसणाऱ्या वाणांची घोषणा सियाटनं २०१५ मध्ये केली, आणि टेपरीचा जीनोम २०२१ मध्ये आला.

मेक्सिकोच्या रानटी घेवड्यात आर्सेलिन नावाचं प्रोटीन सापडलं, ते दाण्यात असलं की भुंग्याची अळी आत वाढत नाही, आणि तो जीन संकरानं लागवडीच्या वाणांत आणला गेला. आमच्याकडं बियाण्याचा घेवडा चुलीच्या चाळलेल्या राखेत घोळून गाडग्यात ठेवायची पद्धत आहे. राख दाण्यांमधल्या फटी भरते, भुंग्याला फिरायला जागा उरत नाही. पाल्मिराच्या जीन बँकेत घेवडावर्गाचे ३७,००० हून जास्त नमुने शीतगृहात ठेवलेत, तिथं भुंग्याचा प्रश्नच येत नाही, पण दर काही वर्षांनी ते दाणे उगवतात का हे तिथंही ओल्या कागदावर पेरूनच बघावं लागतं.